स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वसईतलं एक घर: आमचा अनुभव

डिमेन्शिया झालेल्या माणसासाठी जागा शोधत असाल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या भागात, कॅथलिक सिस्टरांचं एक छोटं निवासी केंद्र आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांशिवाय तिथे कुणाला घेत नाहीत. खाटा मोजक्या आणि प्रतीक्षायादी लांब, म्हणून नाव जाहीर करू नका अशी सिस्टरांची विनंती आहे आणि ती मी पाळते. वसई धर्मप्रांतातल्या आपल्या चर्चच्या फादरांना विचारलंत तर पत्ता मिळेल. रुग्ण ख्रिस्ती असलाच पाहिजे अशी अट नाही.

माझे वडील तिथे राहतात. आयुष्यभर त्यांनी मोगरा आणि केळी केली, पहाटेच्या गाडीने फुलं दादरला नेली आणि रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण दिलं. देवाने माणसाला का घडवलं, आत्मा म्हणजे काय, त्याला मरण का नाही, ही प्रश्नोत्तरं आमच्या गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्याकडून पाठ केली. अल्झायमरचं निदान झालं तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआयवर बोट ठेवून हिप्पोकॅम्पस दाखवला. नवी आठवण पक्की करणारा मेंदूचा भाग तो, आणि बाबांचा आकसलेला होता. सुरुवातीची काही वर्षं आम्ही त्यांना घरीच सांभाळलं. पुढे ते रात्री उठून विहिरीकडे चालू लागले, तेव्हा आईला झेपेना.

आधी जागेबद्दल. सगळं तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. मधलं अंगण असं आखलंय की त्यातली वाट फिरून पुन्हा व्हरांड्यातच येते. ज्यांना सारखं चालायचं असतं ते चालत राहतात, बंद दारावर कुणी धडकत नाही. संडासाची दारं ठळक पिवळी आहेत, बाकीची भिंतीच्या रंगात मिसळलेली. बाबांना शब्द वाचता येत नाहीत, पिवळं दार मात्र सापडतं. फरशी चकाकणारी नाही, कारण चकाकी ह्या रुग्णांना पाण्यासारखी दिसते आणि ते पाऊल टाकायला घाबरतात. रात्री व्हरांड्यात मंद दिवा आणि एक मावशी जागी. झोपेचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत, आणि दिलं तर त्याच दिवशी फोन करून कळवतात.

जेवण साधं आणि चांगलं. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि काटे काढून कुस्करलेलं मासळीचं कालवण, संध्याकाळी दुधात भिजवलेला पाव. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या पाण्यात आणि चहात घट्ट करणारी पावडर घालतात. भरवणारी मावशी शेजारी बसून भरवते, उभ्याने नाही. घास गिळला की नाही हे मानेकडे बघून ठरवते आणि मगच पुढचा चमचा उचलते. महिन्याचं शुल्क आम्ही चौकशी केलेल्या खासगी केंद्रांपेक्षा कमी आहे. डायपर आणि औषधांचा खर्च वेगळा.

ह्यातलं बरंचसं पैसे मोजले तर दुसरीकडेही मिळतं. मला सांगायचंय ते वेगळंच.

ह्याआधी बाबा थोडे दिवस एका दुसऱ्या केंद्रात होते. इमारत नवी होती, कॅमेरे होते, रोजचा फोटो मोबाइलवर यायचा. तिथे त्यांच्या खाटेशी उभं राहून एक माणूस मला म्हणाला, ‘ह्यांना आता काही कळत नाही, तुम्ही रोज यायची गरज नाही.’ बाबा त्याच्याकडेच बघत होते. तिथे त्यांना खाट क्रमांकाने ओळखत. धाकटे काका भेटून आले आणि रडत म्हणाले, ‘दादा केव्हाच गेला गं, राहिलंय ते नुसतं शरीर.’ काकांचा बाबांवर फार जीव. त्यांचं ते दुःख होतं. पण काकांनी जे दुःखाने म्हटलं ते त्या केंद्राने कामाची पद्धत म्हणून धरलं होतं: आठवण गेली की माणूस गेला. ख्रिस्ती माणसाला हे मानता येतं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात होता. इथे मला त्याचं उत्तर आधी वागणुकीतून मिळालं आणि मग शब्दांत.

सिस्टर रोज सकाळी प्रत्येक खाटेजवळ जातात आणि नावाने हाक मारतात. एक आजोबा खूप दिवसांपासून डोळेही उघडत नाहीत. त्यांनाही हाक मारतात, आज काय वार आहे ते सांगतात, पांघरूण काढण्याआधी ‘आता पांघरूण काढते हं’ म्हणतात. उत्तर येणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. व्हरांड्यात नातेवाइकांसाठी पाटी आहे: ‘मला ओळखलं का, असं विचारू नका.’ सुरुवातीला मला ती पाटी कठोर वाटली. नंतर पाहिलं, की आम्ही सगळेच दारातून आत शिरताना हाच प्रश्न विचारत असतो आणि रुग्ण तोंडी परीक्षेला बसल्यासारखा कावराबावरा होतो. आता मीच सांगते, ‘बाबा, मी तुमची मुलगी. वाडीतून आले.’ त्यांनी मान हलवली तर हलवली.

दर महिन्याला नातेवाइकांची एक बैठक होते. पहिला भाग परिचारिका घेतात: बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, कशी टाळायची, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न देणारी नळी) कधी घालायची आणि कधी घालू नये. दुसरा भाग केंद्रासाठी नेमलेले धर्मगुरू, चॅप्लेन फादर, घेतात आणि तो ऐच्छिक आहे. ह्या सेवेत सगळ्यात मोलाचं मला हे दुसरं अर्ध वाटतं. फादर धीर देणारी गोड वाक्यं बोलत नाहीत, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात.

काकांचं वाक्य मी तिथे मांडलं. फादरांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात केली. देवाने मातीचा माणूस घडवला, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला आणि तो जिवंत झाला. फादर म्हणाले, तयार आत्मा आणून मातीच्या डब्यात ठेवला असं तिथे म्हटलेलं नाही. माती आणि श्वास मिळून एक जिवंत माणूस झाला. 1312 साली आजच्या फ्रान्समधल्या व्हिएन इथे भरलेल्या धर्मपरिषदेने हेच तत्त्वज्ञानाच्या भाषेत पक्कं केलं: बुद्धी असलेला आत्मा हाच मानवी शरीराचं रूप आहे, म्हणजे ह्या देहाला मानवी देह करणारं जे काही ते आत्माच. मग पुढचं सरळ येतं. जोवर हा देह माणसाचा जिवंत देह आहे तोवर त्यात आत्मा आहे, पूर्णपणे आहे. तो हळूहळू गळत नाही, हिप्पोकॅम्पसबरोबर आकसत नाही. ‘नुसतं शरीर’ अशी गोष्ट त्या खाटेवर नाहीच.

एका प्राध्यापकबाईंनी त्यावर बायबलमधल्या प्रेषित पौलाचं वचन काढलं. त्यांची आई तिथे असते. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी पौल ‘आत्मा, जीव व शरीर’ असं तिन्ही म्हणतो, मग माणसात तीन वेगळे भाग नाहीत का? आणि मन त्यातलं कुठलं? प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये अनेक जण हे तीन भाग अगदी वेगळे मानतात. मन, भावना आणि इच्छा जिवाकडे आणि देवाशी नातं आत्म्याकडे, अशी वाटणी करतात. फादरांनी कॅथलिक शिकवण सांगितली. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात ह्याच वचनाचा विचार केलाय: हा भेद माणसाचे दोन आत्मे करत नाही. जीव म्हणताना आपण देहाला जगवणाऱ्या त्याच एका आत्म्याकडे पाहतो, आणि आत्मा म्हणताना देवाशी मिळण्यासाठी घडवलेल्या त्याच्या ओढीकडे. मन म्हणजे त्याचं विचार करणं, आठवणं, ठरवणं. ही कामं आहेत, आणि ह्या जगात त्यांना मेंदू लागतो.

पण मग ऑगस्टीनचं काय, असं मी विचारलं. हिप्पो शहराचा हा बिशप पाचव्या शतकात त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एका देवाबद्दल, लिहिताना म्हणतो, की मानवी आत्म्यात देवाचं प्रतिबिंब दिसतं ते स्मृती, बुद्धी आणि इच्छा ह्या तिहींत. बाबांनीच मला हे लहानपणी सांगितलं होतं. तिघांतली पहिली तर गेली, दुसरी चालली. फादरांनी ऑगस्टीनच्या त्याच त्रैक्यावरच्या ग्रंथाच्या चौदाव्या भागातला विचार सांगितला. तिथे ऑगस्टीन म्हणतो, की हे प्रतिबिंब झिजून जवळजवळ नाहीसं झालेलं असो, अंधुक आणि विद्रूप असो की स्वच्छ आणि सुंदर, ते असतंच. सेंट थॉमस अक्वायनस हा धर्मपंडित तेराव्या शतकात आणखी काटेकोरपणे सांगतो. इंद्रियांच्या शक्ती इंद्रियांशिवाय काम करू शकत नाहीत, पण त्यांचं मूळ आत्म्यात राहतं; इंद्रिय गेलं म्हणून मूळ जात नाही. हे ऐकून खोलीत किती तरी वेळ कुणी बोललं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर बाबांकडे जाताना मला वाटणारी भीती त्या दिवशी कमी झाली.

ह्याच अक्वायनसचा एक फार व्यवहारी नियम ह्या घरात रोज पाळला जातो. भान हरपलेल्यांना कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून घेतलेली पवित्र भाकरी आणि द्राक्षारस, द्यावं का, ह्या प्रश्नावर तो म्हणतो, की शुद्धीत असताना ज्याची ह्या संस्कारावर भक्ती होती त्याला अखेरच्या वेळी ते द्यावं, ओकण्याची किंवा थुंकण्याची भीती नसेल तर. सातशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे वाक्य, आणि त्यात गिळता येईल का ह्याचीही चिंता आहे! सिस्टर इथे तेच बघतात. भाकरीचा नखाएवढा तुकडा चमचाभर पाण्यात मऊ करतात. ज्यांना तोही गिळवत नाही त्यांच्यासाठी फादर पवित्र द्राक्षारसाचा एक थेंब जिभेवर ठेवतात. चर्चचा कायदा गरजेच्या वेळी नुसत्या द्राक्षारसाची मुभा देतो. आधीच्या केंद्रात आम्ही कम्युनियनची विनंती केली होती, तेव्हा ‘त्यांना समजणार का?’ असं उत्तर मिळालं होतं.

आईची चिंता वेगळी होती. बाबा आता शिव्या देतात. ज्या माणसाच्या तोंडून आम्ही कधी वाईट शब्द ऐकला नाही, तो आंघोळ घालणाऱ्या मावशीला हाड्‌हुड करतो, कधी हातही उगारतो. आईला रात्ररात्र झोप नसायची. हे पाप त्यांच्या आत्म्याला लागणार का? कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, तर ते करू शकत नाहीत. आईने हे फादरांना एकटीने गाठून विचारलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं. मोठ्या पापासाठी चर्च तीन गोष्टी मागतं: गोष्ट गंभीर हवी, पुरती जाण हवी आणि जाणूनबुजून दिलेली संमती हवी. जाण आणि संमती दोन्ही आजाराने हिरावून घेतल्यात. मेंदूचा पुढचा भाग आवर घालतो, तो आवर सुटलाय. फादरांनी बाबांच्या कपाळाला आणि तळव्यांना तेल लावून आजाऱ्यांचा संस्कार दिला. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात वडीलधाऱ्यांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं लिहिलंय, तोच हा संस्कार. कन्फेशन करणं ज्याला शक्य नाही त्याला ह्यातूनच क्षमा मिळते, हे आईला पहिल्यांदा कळलं. त्यानंतर ती झोपू लागली. मावशींचं वागणंही इथे सांगितलं पाहिजे. बाबांनी हात उगारला की त्या मागे सरतात, पाणी बंद करतात, थोड्या वेळाने पुन्हा येतात. रागावत नाहीत, बांधत नाहीत.

आंघोळीचा विषय निघालाय तर तेही लिहिते. जुनी वस्त्रं टाकून नवी घालावीत तसा आत्मा देह बदलतो, हे गीतेतलं रूपक आपल्याकडे ख्रिस्ती घरांतही सहज बोलण्यात येतं. ख्रिस्ती श्रद्धा तिथे वेगळी वाट धरते. देह हे वस्त्र नाही, तो मीच आहे. अक्वायनस करिंथकरांस पत्रावर लिहिताना स्पष्ट म्हणतो, ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे.’ म्हणून तर श्रद्धांगीकारात, म्हणजे आपली श्रद्धा जाहीर करणाऱ्या प्रार्थनेत, आपण आत्मा अमर आहे एवढ्यावर थांबत नाही, देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असं म्हणतो. ह्या घरात त्याचा परिणाम न्हाणीघरात दिसतो. दार लावलेलं, अंगावर टॉवेल, उघडा एका वेळी एकच अवयव, पाणी आधी स्वतःच्या मनगटावर तपासलेलं, पुसल्यावर टाचा आणि माकडहाडापाशी लालसर काही दिसतंय का ते पाहिलेलं. बाबा इथे आले तेव्हा कमरेखाली बेडसोर होता. तो भरून आला.

संध्याकाळी चारनंतर अनेकांची अस्वस्थता वाढते. त्या वेळी सिस्टर गाणी म्हणतात, मराठी भक्तिगीतं आणि रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोलणं पूर्ण थांबलेली माणसंही ओळी उचलतात. नातेवाईक मोबाइलवर टिपतात, डोळे पुसतात, ‘बघा, आत्मा जागा आहे!’ म्हणतात. मलाही तो क्षण प्रिय आहे, पण ह्या वाक्याशी मी सहमत नाही. जुनं गाणं टिकतं, कारण सुरांच्या आणि सवयीच्या आठवणी मेंदूच्या ज्या भागांत असतात त्यांना हा आजार उशिरा गाठतो. आत्म्याचा पुरावा गाण्यात शोधला, तर गाणं गेल्यावर आपण काय म्हणणार? बाबा गेल्या पावसाळ्यापर्यंत गायचे. आता फक्त एक लांब हुंकार येतो, कधी कण्हल्यासारखा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतःच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. हे वचन मी पूर्वी शंभरदा ऐकलं असेल. आता त्या हुंकाराशेजारी बसून मी रोजरी म्हणते आणि प्रार्थना एकटी मीच करते आहे असं मला वाटत नाही.

विरारच्या एका वारकरी कुटुंबातल्या आजी बाबांच्या शेजारच्या खोलीत आहेत. त्यांच्या उशाशी विठोबाची तसबीर आहे, मुलगा येऊन हरिपाठ म्हणतो, आणि सिस्टर तेव्हा व्हरांड्यातला रेडिओ बंद करतात. कुणावर मिस्साची सक्ती नाही.

आता उणिवा. संध्याकाळी माणसं कमी पडतात, आणि नेमकी तीच वेळ अवघड. देखभालीचा लेखी आराखडा मागितल्याशिवाय देत नाहीत. फिजिओथेरपिस्ट रोज येत नाही; आठवड्याची वेळ आधी विचारून घ्या. प्रार्थनाघराच्या स्पीकरचा आवाज ह्या रुग्णांना फार मोठा होतो. मी सांगितल्यावर कमी केला, पुन्हा वाढला. भाषेची अडचणही खरी आहे. काही तरुण सिस्टर झारखंड आणि ओडिशातून आल्या आहेत. बाबा आता शाळेतली मराठी विसरून आईच्या मांडीवर शिकलेल्या सामवेदी बोलीत एखादा शब्द बोलतात, तो त्यांना कळत नाही. आम्ही पाणी, लघवी, थंडी, दुखतंय अशा शब्दांचा कागद कपाटावर चिकटवलाय. केंद्राने हे सगळ्यांसाठी स्वतःहून करायला हवं.

आणखी एक. एक वयस्क सिस्टर नातेवाइकांना सांगतात, की हा आजार म्हणजे देवाने दिलेला क्रूस, तो आनंदाने अर्पण करा. रात्र रात्र जागलेल्या सुनेला हे ऐकवू नये. येशू आपला मित्र लाजर ह्याच्या कबरीपाशी रडला, त्याने लाजरच्या बहिणी मार्था आणि मरियेला आनंद करा असं सांगितलं नाही. मी हे फादरांजवळ बोलले, त्यांनी ऐकून घेतलं.

केंद्र कुणासाठी नाही तेही सांगते. ऑक्सिजन किंवा सततचे रुग्णालयीन उपचार लागत असतील तर ते घेत नाहीत. पन्नाशीच्या आतल्या, शरीराने धडधाकट आणि आक्रमक रुग्णाला सांभाळण्याइतकी माणसं तिथे नाहीत. घरच्यांना विश्रांती हवी म्हणून थोड्या आठवड्यांसाठी रुग्ण ठेवायची सोय आहे, पण ती मे महिन्यात भरलेली असते, फेब्रुवारीतच विचारा.

भेटायला सकाळी दहा ते बारा सगळ्यात चांगलं, रुग्ण तेव्हा ताजे असतात. पहिल्या दिवशी औषधांच्या चिठ्ठ्या, एमआरआयचा अहवाल, आधार कार्ड आणि ओळखीची एक चादर बरोबर न्या. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणत्या नावाने हाक मारतात’ असा रकाना आहे. तिथे कागदोपत्री नाव लिहू नका, खरं हाकेचं नाव लिहा, कारण दुसऱ्या दिवसापासून सगळे तेच वापरतात.